बटण्याच्या घरात पाणी शिरलं नाही

तीर्थस्वरूप मावशी,

तुझ्या उजव्या पायाला जवळून आणि डाव्या पायाला (त्याला सूज आहे असं ताईच्या पत्रात वाचलं म्हणून) जरा लांबून, भाच्याचा वाकून नमस्कार. सूज उतरली असेल असं धरून चालतो. ताईच्या बाळंतपणाला अजून किती दिवस आहेत, डॉक्टर काय म्हणतात, ती नीट जेवते का आणि भावोजींचं पोट बरं झालं का, ते सविस्तर कळव. इकडे आम्ही मजेत आहोत. बटण्या जिवंत आहे. हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहिलं आहे, कारण पुढे दोन-तीन जागा अशा येतील की तुझ्या काळजात धस्स होईल. तशा वेळी पान उलटून इथे यावं, हे वाक्य पुन्हा वाचावं, पाणी प्यावं आणि मग पुढे जावं.

ताईकडे जाताना तू बटण्याला माझ्या हवाली केलंस आणि घराची चावी मात्र बरोबर घेऊन गेलीस, याबद्दल माझ्या मनात काही नाही. (मागच्या वर्षी तुझ्या कपाटाचं दार वाजायचं म्हणून मी ते दुरुस्त केलं. ते आता वाजत नाही. ते उघडतही नाही आणि तुझ्या चांगल्या साड्या आतच आहेत, हे मला मान्य आहे.) "कुत्र्याला जप आणि माझ्या घरातल्या कशालाही हात लावू नकोस," असं तू फाटकात उभं राहून म्हणालीस. त्यातलं दुसरं मी तंतोतंत पाळलं आहे. पहिल्याची हकीकत खाली देतो.

मी जिथे खोली घेऊन राहतो त्या मालकीणबाईंना दमा आहे हे तुला ठाऊक आहेच. त्यांच्या घरात दोनच नियम आहेत. केस गाळणारं जनावर उंबऱ्याच्या आत नको, आणि खोकणारं कोणीही आत नको, मग ते जनावर असो की माणूस. त्यामुळे बटण्याची सोय मागच्या अंगणात, पत्र्याखाली केली होती. पहिले पंधरा दिवस छान गेले. मग एकदा तिरपा पाऊस आला, पत्र्याखाली शिरला, आणि दुसऱ्या दिवसापासून बटण्याला असा खोकला लागला की शेजारचे लोक मला औषध सुचवायला लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि नळी गुंडाळत म्हणाले, "बारा वर्षांचा आहे. ओल नको, वारा नको. आता आणखी एकदा भिजला तर मला बोलावू नका. मी येऊन काही उपयोग होणार नाही." हे मंगळवारी झालं. रेडिओवर शनिवारपासून आठवडाभर पाऊस सांगितला होता. (आता पहिल्यांदा पान उलटायला हरकत नाही.)

म्हणजे शनिवारी संध्याकाळपर्यंत अंगणात असं घर उभं राहायला हवं होतं की ज्यात पाण्याचा थेंब आणि वाऱ्याची झुळूक शिरणार नाही. त्या चार दिवसांत माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. बटण्या खोकला की मी उठायचो, आणि खोकला नाही की का खोकला नाही ते बघायला उठायचो. पण एका गोष्टीचा मला धीर होता. मावशी, मी सातवीनंतर शाळा सोडली, मला फार काही येत नाही. पण सात वर्षं मी पेट्यांच्या कारखान्यात आहे. काचेची भांडी, घड्याळं, दवाखान्याची यंत्रं, जे जे फुटतं आणि भिजतं ते आमच्या लाकडी पेट्यांतून समुद्रापलीकडे जातं. माझ्या हातच्या पेटीतून आजवर एकही तक्रार परत आलेली नाही. (पेट्यांवर अक्षरं रंगवायचं कामही मिस्त्रींनी मलाच दिलं आहे, कारण माझ्या आधी जो होता तो 'नाजूक' मधला जू ऱ्हस्व काढायचा.) मला वाटलं, कुत्र्याचं घर म्हणजे तरी काय, एक पेटीच. हे वाटणंच पुढे नडलं.

मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री म्हणजे आमच्या कारखान्याचे मुख्य. अंगाने दांडगे, बोलायला कमी, आणि कौतुकाच्या बाबतीत फार काटकसरी. त्यांनी मला उरलेल्या फळ्या वापरायला दिल्या आणि नेहमीचे तीन नियम पुन्हा सांगितले. माल मोजून मग पेटी. माल आत हलता कामा नये. आणि पेटी झाली की पाव तास पाण्याच्या नळीखाली. खिळे ठोकणारा आमच्यातला एक आहे, त्याला आम्ही लोहचुंबक म्हणतो, तो म्हणाला, "कुत्र्याला बंगला? मग मलाही मागच्या बाजूला एक खोली काढ की, घरी बायको बोलत नाही." मी लक्ष दिलं नाही.

पहिल्या नियमातच दोन दिवस गेले. बटण्या हा मोजताना लांबी बदलणारा माल आहे. उभा मोजला तर एक आकडा, झोपलेला मोजला तर दुसरा, आणि टेप बघून खूश झालेला मोजला तर शेपटीपायी आकडा ठरतच नाही. अकरा वेळा मोजून मी वहीत अकरा आकडे लिहिले आणि सर्वांत मोठा धरला. मग दुसरा नियम आठवला, आणि माल हलू नये म्हणून सर्वांत लहान धरला. मग रात्री अंथरुणावर विचार आला की त्याला कूस बदलायची असली तर? घड्याळं कूस बदलत नाहीत. सकाळी उठून पुन्हा मोठा आकडा धरला. शेवटी असं ठरवलं: तळ जमिनीपासून वीतभर वर, चार पायांवर, दुहेरी भिंत, मध्ये लाकडाचा भुसा ठासून, उतरतं छप्पर, त्यावर डांबरी कागद, आणि तो कागद चारी बाजूंना चार बोटं पुढे, सगळ्या सांध्यांत पुट्टी, आत भुशाची पोती शिवून केलेली गादी. मावशी, मी अतिशयोक्ती करत नाही, माझी स्वतःची खोली इतकी चांगली बांधलेली नाही.

शनिवारी आमच्याकडे अर्धा दिवस. दुपारी कारखान्याच्या अंगणात मी काम सुरू केलं. चार वाजता मालाची गाडी भरून निघते, तोवर अंगण मोकळं करायचं असं ठरलं होतं. बटण्याला बरोबर आणलं होतं आणि सरसाच्या टेबलाच्या पायाला दोरीने बांधलं होतं, म्हणजे तो छपराखाली राहील. आभाळ इतकं खाली आलं होतं की मी दर दोन खिळ्यांनी एकदा वर बघत होतो, आणि एकदा वर बघताना अंगठ्यावरही मारून घेतलं. तळ झाला, तीन भिंती झाल्या, छप्पर झालं. आत गादी ठेवली आणि गादीवर वर्तमानपत्र ठेवलं, कारण नळीखाली पेटी धरल्यावर आतला कागद कोरडा निघाला तरच पेटी पास. मग पुढची भिंत मी जमिनीवर आडवी ठेवून जोडली. त्यात वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं माझी पाठ पेटीकडे होती, हे कृपया लक्षात ठेव.

पुढची भिंत पेटीइतकीच रुंद. ती दोन्ही हातांनी तोंडासमोर धरून मी नेली आणि बसवली. अर्थात समोरचं मला काही दिसत नव्हतं. चौसष्ट खिळे ठोकले. एकच गोष्ट मनाला खटकली. ती भिंत खालच्या अंगाला सुतभर उचललेली राहिली, काहीतरी मध्ये आल्यासारखी. मी दोनदा ठोकून बघितली, बसेना. पुट्टी संपली होती. पहिला थेंब मानेवर पडला. सात वर्षांत माझ्या पेटीला कधी फट राहिली नव्हती आणि आता कुत्र्याच्या घरालाच राहावी, याचं मला फार वाईट वाटलं. पण फट खालच्या बाजूला होती, तिथे पाणी चढणार नाही असं म्हणून मन घट्ट केलं आणि नळी सोडली. घड्याळ लावून पाव तास. चारी बाजूंनी आणि वरून. मग सवयीने काळा रंग घेतला आणि तीन बाजूंवर नीट अक्षरांत 'नाजूक', 'पावसापासून जपा' आणि वरची बाजू दाखवणारा बाण काढला. लांब उभं राहून बघितलं. मावशी, इतकी सुंदर पेटी आमच्या अंगणात कधी उभी राहिलेली नाही.

मग बटण्याला त्याचं घर दाखवावं म्हणून टेबलापाशी गेलो. बटण्या नव्हता. दोरीही नव्हती. टेबलाच्या पायावर माझी गाठ सुटल्याची खूण तेवढी होती. (इथे दुसऱ्यांदा पान उलट.)

तोवर पाऊस झोडपायला लागला होता. मी तसाच धावलो. पुढची गल्ली, मागची गल्ली, पिठाच्या गिरणीमागचा बोळ, सायकलवाल्याच्या दुकानातली टायरं, गटारावरच्या फरश्या, सगळीकडे वाकून बघितलं. हाका मारून उपयोग नव्हता, त्याला ऐकू कमी येतं हे तू सांगितलं होतंस. तरी मारत होतो. सायकलवाला म्हणाला, "अरे, कोण हरवलंय?" मी म्हटलं, "मावशीचा कुत्रा." तो म्हणाला, "मग मावशीला कळवलंस का?" मावशी, त्या क्षणी मला तुझा चेहरा दिसला. आणखी एकदा भिजला तर, आणखी एकदा भिजला तर, एवढं एकच डोक्यात चाललं होतं. वीस मिनिटं मी त्या पावसात होतो. अंगावर चिंधीएवढी जागा कोरडी राहिली नाही. (वरच्या ओळीत शाई फुटली आहे ती खोकल्यामुळे हात हलला म्हणून. खोकला माझा, बटण्याचा नाही.)

कारखान्यात परत आलो तर मिस्त्री दारात बिडी विझवत उभे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "पेटी चांगली झाली रे तुझी." सात वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्यांच्या पाया पडलो असतो. मग ते म्हणाले, "मी भोवती दोनदा फिरलो. मला आपलं वाटलं, कुत्रा जातो कुठून तिच्यात?"

मावशी, मी आजवर हजाराच्या आसपास पेट्या केल्या आहेत. एकीलाही दार केलेलं नाही. आमच्याकडे दार ही वस्तूच नाही. माल ठेवायचा, पुढची बाजू लावायची, चौसष्ट खिळे, झालं. ज्याला उघडायची असेल तो समुद्रापलीकडे पहार घेऊन बसलेला असतो.

पेटी बघायला मी अंगणाकडे वळलो. आणि वळताच दोन गोष्टी एकदम लक्षात आल्या. एक म्हणजे, भिंतीखाली सुतभर जाडीचं जे काही आलं होतं ते दोरीइतकं जाड होतं. दुसरी म्हणजे, अंगणात पेटी नव्हती. ती जिथे उभी होती तिथे चार पायांचे ठसे होते आणि त्यांत पाणी साचायला लागलं होतं. आमच्या हमालांना वाचता येत नाही. त्यांची रीत साधी आहे, ज्या पेटीवर बाण ती पेटी गाडीत. बाण मी काढला होता. (पान उलट, मावशी. दोनदा वाच.)

 मिस्त्रींनी मोपेड काढली. मी मागे बसलो आणि रडायला लागलो, तेव्हा मात्र ते ओरडले, "हलू नकोस मागे! माल हलता कामा नये!" गाडी आधी दोन चौक पलीकडच्या वजनकाट्यावर जाते आणि तिथून हमरस्त्याला लागते. एकदा हमरस्त्याला लागली की थेट बंदर. तिथे काट्यावर जे गृहस्थ बसतात त्यांच्या कडकपणाला आम्ही सगळेच रोज शिव्या देतो. त्या दिवसापासून मी देत नाही. गाडी तिथेच उभी होती. कागदावर पेट्या तीस होत्या आणि गाडीत एकतीस, म्हणून ते गाडी सोडायला तयार नव्हते. ड्रायव्हर म्हणत होता, "अहो, जास्त आहे ना, कमी तर नाही! कमी असती तर बोलायचं!" काटेवाले म्हणत होते, "मला कमीही चालत नाही आणि जास्तही चालत नाही. मला बरोबर लागतं."

माझी पेटी सर्वांत वर होती, शेवटी भरली गेली म्हणून. उघड्या गाडीत तिच्यावर पाऊस कोसळत होता आणि पुढच्या भिंतीखालून वीतभर दोरी लोंबत होती. मी वर चढून ठोठावलं. उत्तर नाही. पुन्हा ठोठावलं. नाही. पेटी बंद होऊन पंचेचाळीस मिनिटं झाली होती, मी मोजली होती. मिस्त्रींनी मला बाजूला सारलं आणि फळीला कान लावला. पावसात त्यांना काय ऐकू येणार होतं कोणास ठाऊक. त्यांचा चेहरा जसाच्या तसा होता. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब वेळ. मग ते म्हणाले, "घोरतोय."

त्यानंतर ती उघडायची होती. मावशी, ती उघडेना. ड्रायव्हरची पहार, मिस्त्री, ड्रायव्हर, मी आणि शेवटी काटेवाले स्वतः, एका हाताने छत्री पेटीवर धरून. एक खिळा हलला नाही. "कोणी शिकवलं रे तुला असं ठोकायला?" मिस्त्री दात आवळून म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हीच." यावर त्यांनी पहार खाली ठेवली. अखेर काटेवाल्यांनी त्यांच्या खोलीतून झाडाच्या फांद्या तोडायची करवत आणली, आणि मिस्त्रींनी पुढच्या भिंतीला डाव्या कोपऱ्यात, तळापासून चार बोटं वर, बटण्याच्या मापाचं भोक पाडलं. भोकातून बटण्याचं तोंड बाहेर आलं. त्याने आम्हा चौघांकडे बघितलं, पावसाकडे बघितलं, आणि तोंड आत घेतलं. मी हात घालून चाचपलं. अंग कोरडं, गादी कोरडी, वर्तमानपत्र कोरडं. त्या पावसात अख्ख्या गावात तेवढाच एक जीव कोरडा होता. हवा त्याला त्या सुतभर फटीतून मिळत होती. मिस्त्री म्हणाले, "तुझ्या नेहमीच्या, बिनफटीच्या पेटीत असता तर..." आणि करवत पुसायला लागले. काटेवाल्यांनी मात्र पावती फाडली, ती मी जपून ठेवली आहे: 'पेटी एक, जास्तीची. आत कुत्रा. कोरडा.'

तेव्हापासून ते घर मालकीणबाईंच्या अंगणात आहे. दार डाव्या कोपऱ्यात असल्याने वारा थेट गादीपर्यंत जात नाही. मी भोकावर जाड रबराचा पडदाही लावला आहे. पाच दिवस पाऊस चालू आहे, रोज सकाळी मी आतला कागद तपासतो, रोज कोरडा. बटण्याचा खोकला पूर्ण थांबला. कारखान्यात आता चौथा नियम झाला आहे. शेवटची बाजू लावण्याआधी पेटीत वाकून मोठ्याने विचारायचं, "आत कोण आहे?" लोहचुंबक हसला होता, पण मिस्त्री स्वतः विचारतात आणि उत्तराची वाट बघतात, त्यामुळे आता सगळेच विचारतात.

तू मुळीच काळजी करू नकोस. माझी तब्येत उत्तम आहे. ताईला सांभाळ, भावोजींना नमस्कार, आणि पायाखाली उशी घेऊन झोपत जा.

तुझा भाचा

ता. क. वर तब्येत उत्तम आहे असं लिहिलं ते बटण्याच्या मागोमाग सवयीने लिहिलं गेलं. शनिवारी भिजल्यापासून मला खोकला आहे. मालकीणबाईंनी रविवारी सकाळी तो ऐकला आणि त्यांचा दुसरा नियम सांगितला. बटण्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "तो राहू दे. तो कुठे खोकतोय?" त्या त्याला दोन वेळा जेवायलाही देतात. मी कारखान्यात पेंढ्यावर झोपतो आणि सकाळी जाऊन कागद तपासतो. डॉक्टरांनी (माणसांच्या) मला ओल नको, वारा नको, जमिनीपासून वीतभर वर झोपा असं सांगितलं आहे. अशी सोय इथे एकाच ठिकाणी आहे आणि तिथे मी मावत नाही. तेव्हा पत्र लिहायचं खरं कारण हे, की तुझ्या घराची चावी पाठवावी. मी फक्त झोपेन. कशालाही हात लावणार नाही.

दुसरा ता. क. कपाटाचं मिस्त्रींना विचारलं होतं. ते म्हणाले, डाव्या कोपऱ्यात, तळापासून चार बोटं वर भोक पाडलं तर साड्या एकेक करून निघतील. तू हो म्हणालीस तरच. नाहीतर वरच्या ता. क. प्रमाणे मी फक्त झोपेन.

तिसरा ता. क. पाऊस थांबलेला नाही, म्हणून पाकिटाच्या चारी कडा सरसाने बंद करून वरून मेण फिरवतो आहे. कात्री चालणार नाही. डाव्या कोपऱ्यात सुरी घालून उघडावं. (हे आत लिहून उपयोग नाही, हे आत्ता लक्षात आलं. बाहेरून लिहितो. बाण काढत नाही.)